शस्त्रावरचा क्रमांक आणि इतिहासाची साक्ष

(बी. ए. द्वितीय वर्ष)

जुन्या वाड्याची भिंत पाडताना किंवा माळ्यावरची पेटी उघडताना एखादे गंजलेले रिव्हॉल्व्हर हाती लागले, तर पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'हे कोणाचे?' असा. ते कोठे बनले, किती वर्षांचे आहे, कसे चालते हे प्रश्न मागाहून सुचतात. आपल्याला आधी माणूस हवा असतो. प्रस्तुत लेखात मी याच प्रश्नाचा विचार करणार आहे. शस्त्रावरून त्याच्या धन्यापर्यंत पोहोचता येते काय, येत असेल तर कोणत्या वाटेने, आणि त्या वाटेवर पुरावा कोठे संपतो व आपली कल्पना कोठे सुरू होते, हे तीन मुद्दे आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागदपत्रांचे महत्त्व वर्गात शिकवले जाते. वस्तूलाही कागदासारखे वाचता येते, हे मात्र मला थोडे अवांतर वाचन केल्यावरच कळले.

१. स्वतःचे नाव सांगणारी शस्त्रे

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. बोलताना आपण पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरते चक्र असते. त्यात बहुधा पाच किंवा सहा घरे असतात व प्रत्येक घरात एक काडतूस बसते. प्रत्येक बारानंतर चक्र एक घर पुढे सरकते. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन कारागिराने १८३६ मध्ये आपल्या देशात त्याचे पेटंट मिळवले. पुढे जे आपोआप भरणारे पिस्तूल आले, त्यात काडतुसांची पट्टी मुठीत बसवलेली असते आणि बाराच्या धक्क्यानेच रिकामे काडतूस बाहेर पडून नवे काडतूस नळीत जाते.

मागणीवरून खास बनवलेल्या शस्त्रांची जात निराळी असते. अशा शस्त्राच्या मुठीला हस्तिदंत किंवा शिसवी लाकूड असते, पोलादावर सोन्याचांदीचे काम असते, आणि पुष्कळदा धन्याची आद्याक्षरे किंवा राजचिन्हही असते. श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाची शस्त्रे याचे उत्तम उदाहरण आहे. वाघाचे तोंड आणि वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांची नक्षी त्याच्या बंदुकांवर, तलवारींवर आणि तोफांवरही आढळते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा यांतील पुष्कळ शस्त्रे लुटीत इंग्लंडला गेली. दोनशे वर्षांनंतरही ती ओळखायला अडचण पडत नाही. वाघ दिसला, की धनी कळतो.

पुढे एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील संस्थानिक लंडन व बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून खास शस्त्रे मागवू लागले. अशा शस्त्रावर बनवणाऱ्याचे नाव असते आणि चाचणीगृहाचा ठसाही असतो. इंग्लंडमध्ये कोणतीही नळी विकण्यापूर्वी तीत जास्त दारू भरून ती फुटते की टिकते हे पाहण्याचा कायदाच होता. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. जाणकाराला हा ठसा पाहून शस्त्र कोणत्या शहरात तपासले गेले हे सांगता येते, आणि ठशाच्या घडणीवरून साधारण काळही सांगता येतो. म्हणजे श्रीमंताचे शस्त्र हे एखाद्या ताम्रपटासारखे असते. नाव, गाव, काळ, सारे त्याच्यावरच कोरलेले असते.

२. कारखान्यातील शस्त्र आणि त्याचा क्रमांक

परंतु इतिहास घडवणारी बहुतेक शस्त्रे अशी नव्हती. कोल्टने आपल्या हार्टफर्डच्या कारखान्यात यंत्रांवर एकसारखे भाग बनवायला सुरुवात केली आणि हजारो शस्त्रे एकाच साच्यातून निघू लागली. त्यांच्यात फरक राहिला तो एकच, तो म्हणजे अंगावर ठोकलेला क्रमांक. हा क्रमांक कारखान्याच्या वहीत नोंदला जातो आणि ते शस्त्र कोणत्या तारखेला कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झाले हे त्याच्यासमोर लिहिले जाते. कोल्ट कंपनीच्या दप्तरखान्यात अशा जुन्या वह्या आहेत आणि क्रमांक कळवल्यास त्यावरून उतारा मिळू शकतो.

व्यापाऱ्याच्या पुढची वाट सरकारी दप्तरातून जाते. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा झाला. ब्रिटिश मुलखातील हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईनासे झाले. या कायद्याने लोकांना निःशस्त्र केले, पण त्याचबरोबर शस्त्रांच्या नोंदींचा एक मोठा ढीगही निर्माण केला. ज्याच्याकडे परवाना होता त्याचे नाव दप्तरात आले. ज्याने चोरून शस्त्र मिळवले त्याचे नाव दप्तरात आले ते केवळ पकडला गेल्यावर, मुद्देमालाच्या यादीत. क्रांतिकारकांच्या शस्त्रांचा इतिहास आपल्याला मुख्यतः या मुद्देमालाच्या यादीतूनच वाचावा लागतो, आणि ती यादी त्यांच्या शत्रूने लिहिलेली आहे हे ध्यानात ठेवावे लागते.

३. नाशिक, १९०९

आपल्या महाराष्ट्रातील पहिले ठळक उदाहरण नाशिकचे आहे. १९०९ च्या सुरुवातीला लंडनहून वि. दा. सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात धाडली. 'इंडिया हाउस'मध्ये स्वयंपाकाचे काम करणाऱ्या चतुर्भुज अमीन याच्या सामानातील पेटीला खोटा तळ बसवून ती आत दडवली होती. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त तो ठेवला होता. तेथे अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याने या प्रकरणातील एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. कान्हेरे मूळचा कोकणातला असला, तरी तो शिकायला होता निजामाच्या राज्यातील औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. फाशी गेला तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. आपल्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा तो मोठा नव्हता.

येथे पिस्तुलाचा माग काढण्याचे काम सरकारने केले. चतुर्भुज अमीनने न्यायालयात साक्ष दिली आणि पेटी, तिचा तळ, पिस्तुले व ती पाठवणारा अशी साखळी जुळवली गेली. जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याच्या आरोपावरून सावरकरांना जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली. खून झाला तेव्हा ते हजारो मैल दूर होते. त्यांना त्या रात्रीशी जोडणारा मुख्य दुवा शस्त्रांच्या त्या पेटीचा होता. शस्त्र कोणाचे या प्रश्नाचे उत्तर किती जड असू शकते, याची यावरून कल्पना यावी.

४. लाहोर ते इंदूर

दुसरे उदाहरण अलीकडे उजेडात आले आहे आणि ते मला अधिक शिकवणारे वाटते.

३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरला सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीवर लाठीहल्ला झाला. त्यात जबर मार लागलेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबरला वारले. बरोबर एका महिन्याने, १७ डिसेंबर १९२८ रोजी, पोलीस अधिकारी साँडर्स मारला गेला. नेम होता स्कॉट या वरिष्ठ अधिकाऱ्यावर, पण ओळखण्यात चूक झाली. पहिली गोळी झाडली ती पुणे जिल्ह्यातील खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी. त्यानंतर भगतसिंगांनी आपले पिस्तूल साँडर्सवर चालवले. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकून भगतसिंग व बटुकेश्वर दत्त स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले, तेव्हा भगतसिंगांजवळचे पिस्तूल पोलिसांच्या हाती आले. राजगुरूंना त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पुण्यात अटक झाली. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग, सुखदेव व राजगुरू हे तिघे लाहोरला फाशी गेले.

माणसांची हकीकत येथे संपते. पिस्तुलाची मात्र पुढे चालू राहिली. ते अमेरिकन बनावटीचे ०.३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल होते आणि त्याचा क्रमांक होता १६८८९६. खटल्याच्या कागदांत हा क्रमांक लिहिला गेला. निकालानंतर १९३१ मध्ये ते पंजाबातील फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण शाळेकडे पाठवण्याचा हुकूम झाला. तेथून १९६९ मध्ये काही इतर शस्त्रांबरोबर ते इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रविद्येच्या शाळेत आले. तेथील संग्रहालयात ते ठेवले गेले आणि गंज चढू नये म्हणून त्याच्यावर काळा रंग दिला गेला. त्या रंगाखाली क्रमांक झाकून गेला.

पंजाबातील पत्रकार जुपिंदरजीत सिंग यांनी जुनी कागदपत्रे चाळून हा माग काढत आणला. २०१६ मध्ये इंदूरच्या त्या पिस्तुलांवरचा रंग खरवडला, तेव्हा एकावर १६८८९६ हा आकडा निघाला. २०१७ मध्ये हे पिस्तूल फिरोजपूरजवळील हुसैनीवाला येथे, त्या तिघांच्या समाधिस्थळाच्या परिसरातील सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात हलवले गेले.

होळकरांचे इंदूर हे मराठी माणसांना परके नाही. इतकी वर्षे ते पिस्तूल तेथे होते आणि पाहणारे ते पाहून पुढे जात होते. त्याच्यात कोणताही बदल झाला नव्हता. बदल झाला तो इतकाच, की न्यायालयाचा कागद, १९३१ चा हुकूम, १९६९ ची नोंद आणि लोखंडावरचे सहा आकडे ही चार टोके एकत्र आली. यांतील एक जरी निसटले असते तरी ते पिस्तूल 'जुने कोल्ट' एवढ्याच नावाने राहिले असते. 'असे म्हणतात' आणि 'असे आहे' यांत किती अंतर आहे, हे या चार टोकांवरून समजते.

या दोन उदाहरणांत आणखी एक नाते आहे. नाशिकची ब्राउनिंग पिस्तुले आणि लाहोरचे कोल्ट या दोहोंची रचना एकाच माणसाची, अमेरिकेतील जॉन मोझेस ब्राउनिंग याची. त्याच्या रचना युरोपात त्याच्या नावाने आणि अमेरिकेत कोल्टच्या नावाने विकल्या गेल्या. त्या माणसाला नाशिक आणि लाहोर ही नावे ऐकूनही ठाऊक असतील की नाही कोण जाणे!

५. 'मालक' म्हणजे कोण?

क्रमांक जुळला, तरी मूळ प्रश्न पुरता सुटतो काय? कारखान्यातून निघाल्यापासून भगतसिंगांच्या खिशात येईपर्यंत ते कोल्ट कोणाकोणाच्या हातून गेले असेल, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो. एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याने ते हौसेने घेतले असेल, एखाद्या नाविकाने ते गोदीत गुपचूप विकले असेल. पण हे सारे 'असेल' आहे आणि ते 'असेल' म्हणूनच लिहिले पाहिजे.

शिवाय भगतसिंग तरी त्याचे मालक होते काय? सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात हिंदुस्थान सोशॅलिस्ट रिपब्लिकन असोसिएशनची स्थापना झाली. खासगी मालकीवरच ज्यांचा विश्वास नव्हता अशा तरुणांची ही संघटना होती. शस्त्र संघटनेचे, ज्याच्यावर कामगिरी त्याच्या हाती ते, अशी त्यांची रीत. मग मूळ मालक शोधणारा आपला प्रश्नच थोडा बदलावा लागतो. 'हे कोणाचे होते?' याऐवजी 'हे कोणाच्या हाती, कोणत्या दिवशी, कशासाठी होते?' असे विचारावे लागते.

चंद्रशेखर आझादांचे पिस्तूल याच्याशी ताडून पाहावे. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये ते पोलिसांशी लढताना मरण पावले. त्यांचे पिस्तूलही कोल्टच. नॉट-बॉवर या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने ते आठवण म्हणून स्वदेशी नेले आणि १९७० नंतरच्या दशकात ते भारतात परत आले. आज ते प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. शत्रूने ते किमती ठेव म्हणून जपले, त्यामुळे त्याचे नाव कधी हरवले नाही. भगतसिंगांचे पिस्तूल मात्र मालखान्यातील एक डाग म्हणून आपल्याच देशात राहिले आणि अनाम झाले.

अभिमान वाटावा अशाच शस्त्रांचा माग काढायचा, असे मात्र करता येत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या ते इटालियन बनावटीचे बेरेटा होते. त्याचाही क्रमांक नोंदलेला आहे आणि ते ग्वाल्हेरहून मिळवले गेले हे खटल्यात पुढे आले. गोळ्या झाडणारा मराठी होता. कान्हेरेचे पिस्तूल आपले आणि हे परक्याचे, असे म्हणायला इतिहासात जागा नाही.

६. आपल्या भागापुरते

त्याच ३० जानेवारी १९४८ या दिवशी आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात उमरी येथील बँकेवर हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी छापा घातला होता. म्हणजे त्या दिवशी दिल्लीत पिस्तूल चालले आणि मराठवाड्यातही शस्त्रे बाहेर निघाली, पण दोहोंची कारणे किती निराळी! त्या लढ्यात सरहद्दीवरच्या शिबिरांतून आपल्या भागातील पुष्कळ तरुणांनी शस्त्र हाती घेतले. दुसरीकडे लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांकडेही शस्त्रे होती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि निजामाचे राज्य संपले. त्यानंतर काही ठिकाणी सूडही घेतला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मुसलमान वस्त्यांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी केली आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबादचा समावेश केला.

हे सर्व सांगण्याचे कारण असे. पूर्णा तालुक्यातील आमच्या ताडकळसला किंवा परभणी जिल्ह्यातील कोणत्याही गावात उद्या एखाद्या जुन्या भिंतीतून शस्त्र निघाले, तर ते कोणाचे म्हणावे? ते स्वातंत्र्यसैनिकाचे असू शकेल, रझाकाराचे असू शकेल, भीतीपोटी घराच्या रक्षणासाठी कोणी ठेवलेले असू शकेल, किंवा सप्टेंबरनंतर शेजाऱ्यावर चाललेलेही असू शकेल. गावाचा कल स्वाभाविकपणे पहिल्या उत्तराकडे जाईल. पण ज्याच्या घरात सापडले त्याच्या आडनावावरून उत्तर ठरवणे हा मेलेल्यांवर अन्याय आहे आणि जिवंतांमध्ये वैर पेरणे आहे. म्हणून नाशिक आणि इंदूरचा धडा येथे लागू करावा. आधी खुणा वाचाव्यात, मग कागद शोधावेत, मग माणसांना विचारावे, आणि नाव सर्वांत शेवटी घ्यावे.

माझ्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. आमच्या घरी जुना कागद म्हणजे सातबारा, आणि तोही फार मागे जात नाही. रझाकारीच्या काळातल्या गोष्टी मला आजोबांनी सांगितल्या, त्या त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या. भांडी पुरून ठेवून रात्री गाव सोडल्याच्या, पावसात शेतात दडून बसल्याच्या. या गोष्टींना क्रमांक नाही, मुद्देमालाची यादी नाही, परवान्याची नोंद नाही. टिपूच्या बंदुकीवर वाघ आहे, आमच्या पणजोबांच्या नावावर कसलाच ठसा नाही. तरीही ते त्या काळात होते आणि त्यांनी तो काळ सोसला. ज्यांच्याकडे कागद असतो त्यांचाच इतिहास उरतो हे खरे असेल, तर आता लिहिता येऊ लागलेल्या आमच्या पिढीवर एक काम येऊन पडते.

ते काम अवघड नाही. मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, जुने शस्त्र कोठे सापडलेच तर त्याला हात लावू नये. ते भरलेले असू शकते आणि जुनी दारू भरवशाची नसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून बंदूक-पिस्तूल जवळ ठेवणे हा गुन्हा आहे, म्हणून पोलिसांना कळवावे. मात्र पंचनाम्यात 'एक जुने पिस्तूल' एवढेच लिहून घेऊ न देता त्यावरचा क्रमांक, ठसे, कारखान्याचे नाव आणि सापडल्याची नेमकी जागा यांची नोंद करण्याचा आग्रह धरावा. दुसरी, पोलीस कारवाई पाहिलेली माणसे आता फारच थोडी उरली आहेत. सुट्टीत गावी गेल्यावर प्रत्येकाने अशा एका तरी वृद्धाजवळ बसून त्यांची हकीकत त्यांच्याच शब्दांत, तारीख व साल विचारून लिहून घ्यावी, आणि ती हिंदू घरांतून घ्यावी तशीच मुसलमान घरांतूनही घ्यावी. तिसरी, या लिखाणाची एक वही इतिहास विभागाने ग्रंथालयात ठेवावी. प्रत्येक हकिकतीला क्रमांक द्यावा आणि ऐकीव काय व पाहिलेले काय हे समासात वेगळे दाखवावे.

इंदूरच्या पिस्तुलाची ओळख पटली ती १९२९, १९३१ आणि १९६९ मध्ये कोणा अनाम कारकुनांनी आपापल्या वहीत एक आकडा नीट उतरवून ठेवला म्हणून. त्यांना त्या आकड्याचे मोल ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यांनी फक्त आपले काम चोख केले. आपल्या विभागाची वही या वर्षी सुरू झाली, तर तिच्यातील पहिली नोंद करायला मी आजोबांकडून ऐकलेली हकीकत घेऊन येईन, आणि समासात 'ऐकीव' असे लिहीन.